नकाशाबाहेरच्या चार खुंट्या

हिमालयावर कुणीतरी गोधडी वाळत घातली होती. विंध्याच्या रांगेवर वालाच्या शेंगांची दोन सुपं ठेवलेली, आणि कच्छच्या रणात एक मांजर उन्हाला पोट देऊन झोपलेलं. फाटक ढकलून आत गेलो आणि माझ्याही नकळत चपला काढल्या. देशावर चपला घालून चालायचं नाही, असा भोईर साहेबांचा नियम होता. मोडणाऱ्याला बंगालच्या उपसागरातलं शेवाळ घासावं लागे. मी दोनदा घासलं आहे. ते शेवाळ अजून तसंच होतं, हिरवंगार आणि निसरडं, आणि त्याचा तो विहिरीच्या पायऱ्यांचा वास नाकात शिरला तसा मी एकदम तेवीस वर्षांचा झालो.

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आता तीन बाजूंनी उंच इमारती उठल्या आहेत तिथं, साहेबांचं वडिलार्जित भातखाचर होतं. साहेब पाणीपुरवठ्याच्या खात्यात इंजिनिअर, मी त्यांच्या हाताखाली नुकताच लागलेला ओव्हरसियर. आठवड्याचे सहा दिवस आम्ही गावांना पाणी द्यायचो. सातव्या दिवशी साहेब त्या खाचरात भारत बांधायचे. रंगवलेला सपाट नकाशा नव्हे. डोंगर, पठारं, खोरी, सगळं सिमेंट-दगडात उभं केलेलं, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत चाळीसेक पावलं. खऱ्या मापानं केला असता तर हिमालय चार बोटं उंच झाला असता, म्हणून साहेबांनी उंची वाढवून धरली होती. त्यांच्या देशात हिमालय छातीला लागायचा आणि कळसूबाई वीतभर होती. तिन्ही बाजूंना गुडघाभर खोल हौद, निळ्या रंगाचा. तो समुद्र.

हे सगळं का, असं त्यांना कुणी विचारलं की म्हणायचे, "पाणी बघायला."

कारण त्या नकाशात नद्या खरंच वाहायच्या. हिमालयामागे एक टाकी लपवलेली होती आणि सह्याद्रीच्या पोटातून नळ नेले होते. गोदावरीला नाशिकपाशी सोडलं की ती सगळं पठार ओलांडून पार पलीकडच्या हौदात जाऊन पडली पाहिजे, हा साहेबांचा हट्ट. नुसत्या निळ्या रंगाच्या रेघेला ते नदी म्हणायला तयार नव्हते. आणि नदी समुद्राला मिळवायची तर उतार चोख हवा. उतार चोख हवा तर जमिनीची लेव्हल चोख हवी. ते काम माझं.

त्या तीन हिवाळ्यांचे रविवार मला अजून वासांवरून ओळखू येतात. सकाळी ओल्या सिमेंटचा थंड वास. त्यात शेजारच्या खळ्यावरच्या पेंढ्याचा. वारा फिरला की अंबरनाथच्या कारखान्यांचा तो आंबूस, घशाला लागणारा वास यायचा आणि गवंडी म्हणायचे, "चला, मुंबई आली नकाशात." दुपारी साहेबांच्या घरून, म्हणजे बांधाच्या पलीकडून, वालाच्या बिरड्याचा. साहेबांच्या बायको, आमच्या भोईरकाकू, हाक मारायच्या, "ओ देशवाले, जेवायला या!" आणि आम्ही कुणी पंजाबातून, कुणी ओरिसातून उड्या मारत निघायचो.

लेव्हल घ्यायला दोन माणसं लागतात. एकजण तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावतो, दुसरा दूर प्रत्येक खुंटीवर आकड्यांची उंच पट्टी उभी धरतो. त्या पट्टीला आम्ही स्टाफ म्हणतो. दिसेल तो आकडा लेव्हल बुकात लिहायचा. आकडा जितका मोठा, तितकी जमीन खाली. स्टाफ धरायला काकू यायच्या. पदर खोचून, पट्टी अशी सरळ धरायच्या की खात्यातल्या कुठल्याही खलाशाला, म्हणजे मदतनिसाला, जमणार नाही. वरून बोलणं चालूच. "लवकर बघ रं! मी काय विजेचा खांब हाय?"

आणि लच्छूकाका. उल्हासनगरला नळांचं आणि पाइपांचं दुकान असलेले सिंधी गृहस्थ, साठीचे, पांढराशुभ्र लेंगा, खिशात बडीशेप. नकाशातले सगळे पितळी नळ त्यांनी बसवून दिलेले. पहिल्यांदा आले तेव्हा हातात दालपकवानाचा डबा होता. चपला काढून सगळा देश फिरले, राजस्थानच्या कडेला जाऊन थांबले आणि म्हणाले, "साईं, सब दिखाया. माझा गाव किधर?"

काकांचं गाव सक्करजवळ, सिंधूच्या काठावर. नऊ वर्षांचे असताना बोटीनं आले आणि कॅम्पातल्या बराकीत वाढले.

साहेब जरा ओशाळून म्हणाले, "काका, तुमचं गाव हद्दीच्या पलीकडं गेलं. नकाशा इथं संपतो."

"वो तो मालूम है. मला नको शिकवू. पन तुझी सिंधू लडाखमधून येते ना? मग तिचं पाणी कुठं जाणार? हद्द बघून हवेत उडणार?"

साहेब नदीच्या त्या अर्धवट पन्हळीकडे बघत उभे राहिले. मग इतक्या मोठ्यानं हसले की काकू बाहेर आल्या. "बरोबर हाय काका. पाण्याला उतार कळतो, हद्द नाय कळत." पुढच्या रविवारी नकाशाच्या बाहेर, नुसत्या मातीत, समुद्राच्या हौदापर्यंत चार खुंट्या ठोकल्या गेल्या. सिंधूच्या शेवटच्या वाटेसाठी. दुसऱ्या खुंटीपाशी लच्छूकाकांनी एक काळा दगड आणून ठेवला आणि म्हणाले, "हा माझा घर." पुढं तो उचलून मुखाशी नेला. "घरी बसून काय करू? स्टेशनवर थांबतो."

आता ते सांगतो, जे सांगायला मला सव्वीस वर्षं लागली.

त्या चार खुंट्यांची लेव्हल घ्यायची होती त्या दुपारी काकू वाल सोलायला घरी गेल्या होत्या. साहेब टाकीच्या कामात होते. मला चार वाजता अंबरनाथला, शिवमंदिराच्या ओढ्यापाशी पोहोचायचं होतं. तिथं मीना येणार होती, मैत्रिणीकडे जाते म्हणून घरून निघून. काकूंना हाक मारली असती तर त्या दोन मिनिटांत आल्या असत्या. मी मारली नाही. आंब्याखाली बसलो आणि बुकात चार आकडे लिहून टाकले. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा दोन सेंटिमीटरनं जास्त, असे छान, ओळीत चालणारे. खरे आकडे इतके शहाण्यासारखे कधी येत नाहीत. पण मनात म्हटलं, नकाशाच्या आत सगळं बघून लिहिलंय. नकाशाबाहेरचं कोण बघतंय?

काकू हात पुसत आल्या. "झालं?"

"झालं."

त्या दिवशी ओढ्याकाठी मीना हसली तो आवाज मला आजही ऐकू येतो. पुढं तिच्याशीच लग्न झालं. संसार सुखाचा झाला. तो त्या चार आकड्यांवर उभा आहे हे मी तिलाही फार उशिरा सांगितलं.

उद्घाटनाला साहेबांनी कुणी पाहुणा बोलावला नव्हता. गावातल्या शाळेची मुलं आणि आम्ही. प्रत्येक नदीच्या मुखाशी एकेकजण उभा. पाणी पोचलं की त्यानं नदीचं नाव घेऊन हाक द्यायची, असं ठरलेलं. काकू नर्मदेवर होत्या, भडोचजवळ. साहेब हिमालयामागे गेले, तिथून त्यांचा आवाज आला, "सोडतो रे!" आणि देशभर पाणी सुटलं.

असा क्षण मी पुन्हा पाहिला नाही. कोरड्या सिमेंटवरून पाण्याची जीभ पुढं सरकताना एक बारीक सळसळ होते. तशा पंधरा-वीस सळसळी एकदम. मुलं ओणवून बघत, पाण्याबरोबर कडेकडेनं पळत. पहिली हाक काकूंची, "नर्मदा आलीऽऽ!" मग तापी आली. कृष्णा आली. "कावेरी आली!" म्हणून ओरडताना एक मुलगी आनंदानं हौदातच पडली. गंगा आली तेव्हा शाळेच्या गुरुजींनी डोळे पुसले. सगळ्यात उशिरा, सगळं पठार चालून दमलेली गोदावरी आली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

लच्छूकाका आपल्या काळ्या दगडावर बसले होते. गुडघ्यांवर हात, तोंड हाक मारायला थोडं उघडं.

सिंधू हद्द ओलांडून बाहेर आली. पहिली खुंटी गेली, दुसरी गेली. तिसरीपाशी थांबली. शेताचा जुना बांध तिथून जायचा. वरून सपाट केला होता तरी खालची जमीन दोन बोटं उंच राहिली होती, आणि माझ्या बुकात ती उंच नव्हती. साहेबांनी त्या बुकावरून काँक्रीट ओतून घेतलं होतं. पाणी तिथं फुगलं, जागच्या जागी फिरलं आणि तळं करून बसलं. काकांपासून सहा हातांवर.

 काका उठले, तळ्यापाशी गेले, वाकून बघितलं. "वाट विसरली बिचारी," म्हणाले. "होतं असं. मी पन विसरलो." मग लेंगा वर खोचून खाली बसले, दोन्ही हातांची ओंजळ भरली आणि बोटांच्या फटींतून गळणारं पाणी घेऊन सहा हात चालत गेले, हौदात सोडलं आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "आई रे आई, सिंधू आई!"

काय जल्लोष झाला म्हणता! मुलं तळ्यावर तुटून पडली. प्रत्येकाला ओंजळीनं सिंधू न्यायची होती. तासभर ती येरझार चालली, कपडे चिंब, काका मधोमध लहान मुलासारखे हसत. गुरुजी म्हणाले, "ओंजळीची कल्पना फार सुंदर. कुणाची?"

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कल्पना कसली, गुरुजी. गणित चुकलं माझं. ह्या पोराच्या लेव्हल्स एकदम चोख असतात. उतार काढण्यात मीच कुठंतरी गडबडलो."

मी तेव्हा बोललो नाही. मग कधीच नाही. थोड्या दिवसांनी अंबरनाथला आनंदनगरच्या कारखान्यात नोकरी धरली आणि जाणं कमी करत करत बंद केलं. अंबरनाथ ते बदलापूर एका स्टेशनाचं अंतर. बातम्या यायच्याच. शाळांच्या सहली तिथं जायला लागल्या. एकदा डबा खाताना माझ्या जोडीदारानं सांगितलं, "आमची पोरगी त्या नकाशाला जाऊन आली. तिथं म्हणे सिंधू हातात घेऊन जायची असते. दोन दिवस तेच चाललंय घरात." सगळे हसले. मीही हसलो, आणि अर्धा डबा तसाच बंद केला. लच्छूकाका गेले तेव्हा उल्हासनगरला जाऊन गर्दीत सगळ्यात मागे उभा राहिलो.

आणि आता आठ दिवसांपूर्वी साहेबांचा फोन. वय ऐंशीच्या पुढं, आवाज तोच. "काय रं, विसरलास? ये एकदा. सिंधूचा उतार परत काढायचाय. कुठं चुकलो ते कळल्याशिवाय मी काय जात नाय वर."

मी कधी परत न दिलेलं ते जुनं लेव्हल बुक मीनानं कपाटातून काढून माझ्या पिशवीत ठेवलं. "सांगून ये," एवढंच म्हणाली.

तर असा मी चपला काढून, हातात पिशवी घेऊन देशाच्या कडेला उभा होतो.

"आयलास?" काकू ओट्यावरून ओरडल्या. केस सगळे पांढरे, हात शेंगांच्या टोपलीत. "बघा ओ, कोण आयलंय! टक्कल पडलं रं तुला!"

साहेब काठी टेकत बाहेर आले. काखेत वह्यांचा गठ्ठा. चहा यायच्या आत वह्या उघडल्याही. पानापानावर सिंधूचा उतार. पेन्सिलीनं, निळ्या शाईनं, लाल शाईनं. खोडलेला, पुन्हा मांडलेला. प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात माझे ते चार शहाणे आकडे, दर वेळी तितक्याच विश्वासानं उतरवून घेतलेले.

"हे बघ. इथून धरलं तरी पाणी पोचतं. तिथून धरलं तरी पोचतं. कागदावर दर वेळी पोचतं. मग जमिनीवर का नाय पोचलं?"

"साहेब," मी म्हटलं, "ती चार रीडिंग मी घेतलीच नव्हती."

"म्हणजे?"

"दुर्बिणीतून बघितलंच नाही. आंब्याखाली बसून मनानं लिहिली."

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. साहेबांनी चष्मा काढला.

"चारही?"

"चारही."

"नकाशाच्या आतली?"

"ती सगळी बघून. नुसती ही चार."

शिवी येईल म्हणून मी मान खाली घातली होती. पण काठी पडल्याचा आवाज आला. बघतो तर साहेब उभे, आणि चेहरा टाकीचा नळ सोडताना दिसायचा तसा उजळलेला.

"म्हणजे माझं गणित बरोबर होतं?"

"बरोबर होतं, साहेब."

"अगं ऐकलंस का! बरोबर होतं! पहिल्यापासून बरोबर होतं!"

"ऐकलं. समोरच्या इमारतीनं पण ऐकलं," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "अरे मुडद्या, मी तिथं वाल सोलत होते. एक हाक मारायची होतीस की! सव्वीस वर्षं जेवताना ऐकते मी ह्यांचं गणित. भाकरीवर पण बोटानं उतार काढतात."

साहेब हसत होते. वह्यांवरून हात फिरवत, पोरांच्या पाठीवरून फिरवावा तसे. हसता हसता नजर बाहेर गेली, हौदाच्या कडेला, काळ्या दगडावर. हसणं हळूहळू थांबलं.

"काकांना सांगितलं असतंस तरी चाललं असतं," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी फोडून काढली असती मी ती पन्हळ. काका जाईपर्यंत दर रविवारी यायचे. त्या दगडावर बसायचे. मला म्हणायचे, तुझं गणित जमलं की हाक मार."

 त्यांनी मला समजावलं नाही. काकू पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

"ऊठ," मग साहेब म्हणाले. "तिपाई लाव. अगं, स्टाफ धर."

काकूंनी पदर खोचला. पाठ आता वाकली आहे, पट्टी मात्र तशीच सरळ. मी डोळा लावला. पहिल्या खुंटीच्या जागी एक मीटर बासष्ट. दुसरीला एक-एकोणसत्तर. तिसरीला एक-त्रेसष्ट, बांध तिथंच होता, सव्वीस वर्षं. चौथीला एक-अठ्ठ्याहत्तर. वेडेवाकडे, न जुळणारे, खरे आकडे. जुन्या चारांवर काट मारून खाली लिहिले. साहेबांनी बुक डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि खाऊ पुढं करावा तसं काकूंना दाखवलं.

पन्हळ फोडायला दोन दिवस लागले. छिन्नी-हातोडी माझ्या हातात. साहेब खुर्ची टाकून शेजारी, दर वीतभर जागेला थांबवून उतार बघणार. इमारतीतून बायका खाली आल्या, हिमालयावरची गोधडी कुणाची ते कळलं, चहा आला. "अहो, सिंधूला काय करताय?" एकीनं घाबरून विचारलं. लहानपणी शाळेच्या सहलीतून इथं आली होती म्हणे. काकू म्हणाल्या, "वाट करतोय. ह्यानंच अडवली होती." माझ्या हातांना फोड आले. कितीतरी वर्षांनी गाढ झोप लागावी असं अंग दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात काकू आपल्या नर्मदेवर जाऊन उभ्या राहिल्या. साहेब काठी टेकत हिमालयामागे गेले. मी मुखाशी. दगड मोकळा होता. त्यावर बसलो नाही, शेजारी उकिडवा बसलो.

"सोडतो रे!"

तीच सळसळ. कच्छमधलं मांजर उडी मारून पळालं. सिंधू डोंगरांच्या घळीतून वळणं घेत खाली आली, हद्द ओलांडली. पहिली खुंटी. दुसरी, काकांचं घर. बांधापाशी आली आणि तिथं पाणी जरासं फुगलं.  मग ते ताज्या फोडलेल्या दगडाच्या कपच्या ढकलत, गढूळ होत पुढं निघालं. शेवटचे सहा हात. हौदात पडलं त्याचा आवाज अगदी लहान होता, तांब्यातून पेल्यात ओतल्यासारखा.

"आली का रं?" काकूंचा आवाज.

"आली!"

"अरे, कोण आली? नाव घे की!"

"सिंधू आलीऽऽ!" मी ओरडलो. आवाज फाटला. इमारतीच्या गॅलरीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि हिमालयामागून साहेबांचं हसू ऐकू आलं, थांबतच नव्हतं.

मी दोन्ही हात पुढं केले, पडत्या पाण्याखाली ओंजळ धरली. भरली. न्यायला आता पुढं अंतरच उरलं नव्हतं. दगडाकडे एकदा बघितलं आणि तिथंच हात उघडले.